सात मुलांची एकच आजी

नोरा तुस्कानो या बाईला मी पहिल्यांदा शिव्या घातल्या तेव्हा तिचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. पाहायची गरजही वाटली नाही. माझ्या क्लासच्या सात मुलांना तिने निबंधात वीसपैकी चार मार्क दिले होते. सातही जणांना चार. कुणाला पाच नाहीत की साडेतीन नाहीत. हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी कमलिनी सोहनी. शारजात अल नहदाला नवव्या मजल्यावर राहते आणि डायनिंग टेबलाभोवती मुलं बसवून चौदा वर्षं दहावीचं इंग्रजी लेखन शिकवते. ‘शिकवते’ हा शब्द अजून वापरते, कारण दुसरा वापरायची लाज वाटते. खरी गोष्ट अशी की माझ्याकडे अकरा निबंध तयार आहेत. मी स्वतः लिहिलेले, घासूनपुसून लख्ख केलेले. मुलं ते पाठ करतात. परीक्षेत विषय कुठलाही येवो, अकरांतला एखादा थोडा मुरडून बसवता येतो. माझ्या मुलांना आजवर अठराच्या खाली मार्क पडले नव्हते, आणि अल नहदाच्या अर्ध्या टॉवरांत माझं नाव त्यामुळेच होतं.

दहावीला लेखनाचे वीस मार्क शाळेच्या हातात असतात आणि ते तसेच बोर्डाकडे जातात. म्हणून आई-बाप त्या विसांवर डोळे लावून बसलेले असतात. शाळांनाही निकाल छान दिसायला हवा असतो. मग शिक्षक एका तासात चाळीस पेपर तपासतो, अक्षर बघतो, पानं मोजतो, सोळा-सतरा-अठरा लिहून मोकळा होतो. कुणाचं काही बिघडत नाही. सगळे खूश. अशा ठिकाणी ही बाई उगवली.

तिच्याबद्दल मला जे कळलं ते आधी जेनेलकडून. जेनेल माझीच विद्यार्थिनी, त्या सातांतली एक. नोरा मूळची वसईची. नवरा ज्युड बर दुबईतल्या एका हॉटेलात बँक्वेट विभागात कामाला. दोन मुलं त्याच शाळेत, स्टाफची म्हणून अर्ध्या फीत. राहायची आमच्यासमोरच्याच टॉवरमध्ये, आणि दोन वर्षांत मी तिला एकदाही पाहिलं नव्हतं, कारण ती पहाटे शाळेच्या बसने जायची आणि परत यायची ती पेपरांची पिशवी घेऊन.

“मिस रीड्स एव्हरीथिंग ट्वाइस, आंटी,” जेनेल म्हणाली. “सेकंड टाइम शी स्टार्ट्स फ्रॉम द लास्ट रोल नंबर.”

मी विचारलं, ते कशाला? तर म्हणे, पहिल्या दहा मुलांना ताजी मिस मिळते आणि शेवटच्या दहांना दमलेली, हे बरोबर नाही. म्हणून दुसऱ्यांदा उलटं. शिवाय मार्क टाकायच्या आधी ती प्रत्येकाला वर्गाबाहेर कॉरिडॉरमध्ये बोलावते आणि त्याने जे लिहिलंय त्याबद्दल एक प्रश्न विचारते. एकच. मग आत जाऊन मार्क लिहिते. मी हे ऐकून हसले होते. दहावीला नवीन आहे, चार महिन्यांत सुतासारखी सरळ येईल, असं मी जेनेलच्या तोंडावर म्हणाले होते. एका शाळकरी मुलीसमोर तिच्या शिक्षिकेबद्दल असं बोलू नये एवढी अक्कल मला असायला हवी होती.

मार्क कळले त्याच संध्याकाळी तन्मयची आई प्रमिला माझ्या दारात उभी. तिच्या कुटुंबाचा कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा आहे, अबुधाबीजवळ मुसफ्फात वर्कशॉप आहे, आणि दोनशे माणसांना हुकूम सोडायची सवय तिच्या आवाजात आहे.

“मॅडम, ये क्या है? फोर? माझ्या तन्मयला फोर?” ती चप्पल काढायच्या आतच सुरू झाली. “मी प्रिन्सिपलना मेल टाकलाय. ती बाई ट्यूशनच्या मुलांवर राग काढतेय. पर्सनल ग्रज आहे. शी हॅज टु गो, खलास!”

“तुमचं म्हणणं बरोबर आहे,” मी म्हणाले.

“मग तुम्ही चला ना मीटिंगला. तुम्ही एक्स्पर्ट. तुम्ही सांगा प्रिन्सिपलला की एसे चांगला आहे. आमचं कोण ऐकणार?”

मी एका शब्दात तयार झाले. खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. चौदा वर्षांत माझ्या निबंधाला कुणी चार दिले नव्हते. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या त्या मुलांसाठी नव्हे, माझ्यासाठी.

मीटिंगला प्रिन्सिपल, कोऑर्डिनेटर, प्रमिला, जेनेलचे वडील आणि मी. नोरा शेवटी आली. मी मनात एक ताठ, चष्मेवाली, ओठ आवळलेली बाई उभी केली होती. आली ती बुटकी, दमलेली, ओढणीला खडू लागलेला, आणि आल्या आल्या तिने सगळ्यांना ‘सॉरी, बस लेट झाली’ म्हटलं. याने माझा राग वाढलाच. भांडायला आलेल्या माणसाला समोर भांडकुदळ माणूस लागतो.

प्रिन्सिपलांनी विषय स्पष्ट मांडला. पालकांची लेखी तक्रार आहे की नोरा मिसने एकाच ट्यूशनच्या मुलांना जाणूनबुजून पाडलं. मिस म्हणतात सातही निबंध शब्दशः एकच आहेत, हे लेखन मुलांचं नाही. तसं सिद्ध झालं तर प्रश्न मिटला. नाही झालं, तर मार्क वाढतील आणि मार्चनंतर मिसचा कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार नाही. हे ते इतक्या सहज म्हणाले की जणू बसचा रूट बदलणार होता.

“मिस, सेम एसे तो स्टुडंट्स कहीं से भी सीख सकते हैं,” कोऑर्डिनेटर म्हणाली. “गाइड से, यूट्यूब से. मुलं पाठ करतातच. लँग्वेज इज गुड. स्ट्रक्चर इज गुड. चार कसे देता तुम्ही?”

नोराने पिशवीतून सात पेपर काढले आणि माझ्यासमोर ठेवले. मला ती ओळखत नव्हती. प्रमिलाने ‘आमच्या एक्स्पर्ट’ एवढीच ओळख करून दिली होती.

“मॅडम, तुम्ही वाचा ना,” ती मराठीत म्हणाली, वसईचा हेल काढून. “कुठलाही एक घ्या. मोठ्याने वाचा. आणि मग मार्क तुम्हीच द्या.”

मी वरचा घेतला. तन्मयचा होता. विषय, मी कधीही विसरणार नाही अशी व्यक्ती. निबंध माझा, शब्दन् शब्द माझा. मी ऐटीत वाचायला लागले. आजीचे हात, हळदीने पिवळी झालेली नखं, दुपारी झोपताना ती डोक्याखाली घ्यायची ती घडी केलेली साडी. मुलांना हे पाठ करून देताना मी टाळी वाजवत कॉमा आणि फुलस्टॉप सांगते, तसंच माझं डोकं तालावर हलत होतं. मग ते वाक्य आलं. इंग्रजीत आहे, मराठीत सांगते. ‘ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी जाऊ शकलो नाही, कारण माझा पासपोर्ट कंपनीत जमा होता.’

मी थांबले.

“पुढे वाचा,” प्रमिला म्हणाली.

“सात मुलं आहेत,” नोरा म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. “पंधरा वर्षांची. बापाच्या व्हिसावरची. पासपोर्ट कंपनीत जमा होतो तो नोकरी करणाऱ्याचा, आणि इथे सातही पोरांचे जमा. मी तन्मयला बाहेर बोलावून विचारलं, कुठली कंपनी रे? तो म्हणाला, ‘डॅड्स कंपनी, मिस.’ म्हणजे बापानेच पोराचा पासपोर्ट अडकवला आणि आजीला अग्नी द्यायला जाऊ दिलं नाही. हे त्याने लिहिलंय असं मी समजायचं?”

“हां, तो छोटा मिस्टेक है ना!” प्रमिला म्हणाली. “एका लाइनसाठी सोळा मार्क कापणार?”

“माझी आई जिवंत आहे,” जेनेलचा बाप हळूच म्हणाला. बिचारा पहिल्यांदाच बोलला. “जेनेलने तिला मारलं?”

“जेनेलला मी विचारलं, आजीचे हात कसे होते? ती रडायला लागली. म्हणाली, मी आजीला फक्त व्हिडिओ कॉलवर बघते, मिस, हात दिसत नाहीत.” नोराने त्याच्याकडे पाहिलं. “हे तिने लिहिलं असतं तर मी तिला पंधरा दिले असते. व्याकरण कच्चं असतं तरी दिले असते.”

मग ती प्रिन्सिपलकडे वळली आणि तिचा तोल गेला. “सर, माझ्या वर्गात अंश नावाचा मुलगा आहे. त्याने बिल्डिंगच्या वॉचमनवर लिहिलं. दीड पान. अर्धी वाक्यं मोडकी. पण तो वॉचमन लिफ्टमध्ये कुणी नसताना गाणं म्हणतो, हे त्याने बघितलंय. त्याचे बारा त्याने कमावलेत. ह्यांना अठरा दिले की ते सहा मार्क मी अंशच्या खिशातून काढले. तो क्लासला जात नाही, त्याच्या आईला मेल लिहिता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी इथे कुणी बसलेलं नाही! मी चार दिले ते स्वतःच्या हाताने लिहून वेळेवर दिल्याचे. शून्य द्यायला हवे होते, पण शून्य ही मुलांना शिक्षा झाली असती, आणि हे ज्याने लिहून दिलं त्याचा पेपर माझ्याकडे नाही.”

प्रिन्सिपलांनी माझ्याकडे पाहिलं. माझा क्लास त्यांना ऐकून ठाऊक होता. “मॅडम, आप तो सीनियर हैं. हा एसे तुमच्या क्लासमधून गेलाय का?”

प्रमिलाने टेबलाखालून माझा हात दाबला. नाही म्हणायचं होतं. तेवढंच काम होतं. नाही म्हटलं असतं तर मुलांना अठरा, मला पुढच्या वर्षीची मुलं, आणि समोरच्या बुटक्या बाईला विमानाचं तिकीट.

मी हो म्हणाले ते सत्याची चाड होती म्हणून नव्हे. कुणी तसा समज करून घेऊ नये. मी चिडले होते म्हणून म्हणाले. ती आजी नाही, माझी आई आहे. ती मिरजेला वारली तेव्हा मी बर दुबईत एका ट्रेडिंग कंपनीत रिसेप्शनला होते. सगळ्यांचे पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात, आणि मॅनेजर किल्ली खिशात घालून दूर अल ऐनला गेलेला. फोन केला तर ‘इन्शाल्ला, कल’. तिसऱ्या दिवशी पासपोर्ट मिळाला तोवर घरी राख सावडून झाली होती. काही वर्षांनी क्लास सुरू केला, पहिल्याच मुलाला ह्या विषयावर निबंध हवा होता, आणि माझ्याकडे दुसरं माणूस नव्हतं. ‘आई’ खोडून ‘आजी’ केलं. बाकीचं तसंच राहिलं.

म्हणजे चौदा वर्षं. शंभराच्या वर मुलं. शंभर मुलांनी माझ्या आईला जाळलं आणि पासपोर्ट कंपनीत होता म्हणून हळहळली, आणि त्याला कुठल्या तरी शिक्षकाने अठरा दिले, कुणी एकोणीस, एकाने तर समासात ‘टचिंग’ लिहिलं होतं. एकाने तरी विचारावं की अरे, पंधरा वर्षांच्या पोराला कंपनी कुठली? कुणीही वाचलं नव्हतं! आणि मी? मी तर ते तोंडाने सांगून पाठ करून घेत होते, टाळ्या वाजवत. मीही वाचलं नव्हतं.

“माझा आहे,” मी म्हणाले. “शब्दन् शब्द. मार्क द्यायचे तर मला द्या.”

प्रमिलाने माझा हात असा सोडला जणू चटका बसला.

पुढचं चांगलं झालं असेल असं वाटत असेल तर तसं नाही. सातही मुलांना गुरुवारी लायब्ररीत बसवून नव्याने लिहायला लावलं. नोराने दोनदा वाचले, एकदा सरळ, एकदा उलटे, प्रत्येकाला कॉरिडॉरमध्ये नेलं, आणि मार्क दिले. तन्मयला आठ. जेनेलला अकरा. बाकीचे मधले. पालकांनी पुन्हा मेल टाकले. मग शाळेने ‘मॉडरेशन’ नावाचा एक प्रकार केला, म्हणजे माझ्या सातही जणांचे मार्क एका सहीने सोळा झाले. नोराने त्या यादीवर सही केली नाही. कोऑर्डिनेटरने केली. अंशचे बारा मात्र बाराच राहिले, कारण त्याच्यासाठी कुणी मेल टाकला नव्हता. यादी बोर्डाकडे गेली, आणि कॉन्ट्रॅक्ट संपल्याचं पत्र नोराच्या हातात आलं. सिद्ध झालं होतं तरी आलं. कारणाच्या जागी लिहिलं होतं, पालकांशी सहकार्य नाही.

दोन दिवसांनी प्रमिलाचा फोन. मला वाटलं शिव्या द्यायला. आवाज मधाळ.

“मॅडम, जे झालं ते झालं. माझी धाकटी पुढच्या वर्षी दहावीला येतेय. तिला तुमच्याकडेच पाठवणार. फक्त एक करा ना, ती पासपोर्टची लाइन काढून टाका. बाकी एसे मस्त आहे.”

मी काय बोलले ते श्रीनाथने, माझ्या नवऱ्याने, आतल्या खोलीतून ऐकलं आणि तो बाहेर येऊन उभा राहिला. वीस वर्षांत मी त्याच्यासमोर असे शब्द वापरले नव्हते. क्लास बंद केला. तो मोठेपणा नाही, मुलंच उरली नव्हती. आता कुणी आलंच तर समोर बसवून लिहून घेते. दोन येतात.

मार्चच्या शेवटी मी समोरच्या टॉवरमध्ये गेले. दार ज्युडने उघडलं. हॉलभर कार्गोचे खोके. नोरा दोन्ही मुलांना घेऊन वसईला निघाली होती, कारण तिची नोकरी गेली तशी मुलांची अर्धी फीही गेली होती. ज्युड बर दुबईत चार जणांच्या खोलीत बेडस्पेस घेऊन राहणार होता. घरातली माणसं दोन देशांत वाटली गेली होती, वीस मार्कांसाठी. मला माफी मागायची होती, पण तोंडातून भांडणच निघालं.

“काय मिळालं तुम्हाला एवढं करून? त्यांना सोळा मिळालेच ना! चार लिहिले काय, सोळा लिहिले काय!”

“यादीत सोळा आहेत,” ती खोक्याला टेप लावत म्हणाली. “मी आठ दिलेत, अकरा दिलेत. मुलांना माहितीये. जेनेल विचारून गेली, ‘मिस, माय रिअल वन इज इलेव्हन, ना?’”

“आणि त्याने तुमचं पोट भरणार?”

“नाही.” ती माझ्यावर खेकसलीच. “नाही भरणार! मला काय कळत नाही का? माझा मुलगा रोज विचारतो, डॅडी कधी येणार. मला प्रत्येकाचा राग येतो, मॅडम. तुमचाही येतो. तुम्ही चौदा वर्षं आधी हो म्हणायला हवं होतं.”

मी जायला वळले आणि तरीही, लाज सोडून, विचारलंच. मला राहवेना.

“माझ्या निबंधाला किती दिले असते?”

तिने टेप तोडली. विचार केला. खरंच केला, मला बरं वाटावं म्हणून नव्हे.

“चौदा.”

“चौदा? माझी आई मेलीय त्यात!”

“आजीचे हात खरे आहेत. पासपोर्ट खरा आहे. शेवटचा पॅरा खोटा आहे. ‘तिचे आशीर्वाद मला आयुष्याची वाट दाखवतात.’ ते तुम्ही मार्कांसाठी लिहिलंत.” मग तिने विचारलं, “फोन आल्यावर त्या दिवशी तुम्ही काय केलंत?”

वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. श्रीनाथनेही नाही.

“चहा केला,” मी म्हणाले. “मॅनेजरचे गेस्ट आले होते. पँट्रीचा माणूस रजेवर होता, म्हणून मला सांगितलं. आठ कप. प्रत्येकाला साखर किती ते विचारलं. आणि हसले. नोकरी जाईल म्हणून प्रत्येकाकडे बघून हसले मी.”

हे मी एकाही मुलाला लिहून दिलं नव्हतं.